विहिरीचं झाकण

सोमवार

जहाजाच्या पोटात उतरून ओंडके, पोती, पत्रे, जे असेल ते वर पाठवणाऱ्या माझ्या भावांनो,

तुमची आणि आमची तक्रार एकच आहे. बंदर वेगळं, मुकादम वेगळा, तक्रार तीच. आपण खाली उतरतो तेव्हा वर उभा असलेला साहेब घड्याळ बघतो, आभाळ बघतो, क्रेनची वायर बघतो. खालची हवा कोणी बघत नाही. ती नाकात घेणारे आपण, आणि ती घेण्यासारखी आहे की नाही हे आपल्याला सांगणारं कोणी नाही.

धाकट्या, इथवर वाचून तू म्हणाला असशील की दादाने पत्रातही माईक लावला. म्हण. मी बोलायला उभा राहिलो की तू चहा पिऊन यायचास आणि परत आल्यावर शेजारच्याला विचारायचास, "अजून 'भावांनो'च चाललंय का?" पण ही सुरुवात मी मुद्दाम अशी केली आहे. एक तर हे पत्र तुझ्या टोळीला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. आणि दुसरं म्हणजे 'प्रिय धाकट्या' एवढंच लिहून मी दोन कागद फाडले. त्याच्यापुढे हात चालेना. हजार माणसांना काय सांगायचं ते मला कळतं, तुला काय सांगायचं ते कळत नाही.

म्हणून कामाचं बोलतो. ती बोट परत आली होती. राखाडी, कडेला लाल पट्टा, मागच्या क्रेनचा हात वाकलेला, तो अजून तसाच. पोटात ओंडके. निम्मे आम्ही उतरवले, उरलेले तुमच्या बंदराचे आहेत. वाटेत एके ठिकाणी तेल-पाणी घेऊन ती पुढच्या सोमवारी तुमच्या धक्क्याला लागेल, असं बोटीवरच्या स्वयंपाक्याने सांगितलं. तू तिथे आता मुकादम आहेस, म्हणजे टोळी खाली उतरवण्याचा शब्द तुझा. फोन तू उचलत नाहीस. शेजारचा ट्रकवाला तुमच्याकडे फेऱ्या मारतो, त्याच्या हाती हे पत्र देतो आहे.

तुझ्या टोळीला त्या दिवसाचं काही माहीत नसणार. तू सांगितलं नसशील. तू त्याबद्दल कुणाशीच बोलत नाहीस, हे मला इथे बसूनही ठाऊक आहे. तेव्हा मीच सांगतो.

भावांनो, तुमच्या मुकादमाच्या बायकोला एक भाऊ होता. आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो, कारण काम करताना तो सतत शीळ घालायचा. सूर कधी लागला नाही, पण धक्क्याच्या या टोकाला शिट्टी कुठल्या बोटीवर आहे ते त्या टोकाला कळायचं. त्या दिवशी हीच बोट होती आणि हेच ओंडके. पोटावरचं मोठं झाकण सकाळपासून उघडं होतं. वारा भरपूर होता. वरचे थर क्रेनने उचलून झाले होते आणि जेवणानंतर कोणीतरी खाली जाऊन कोपऱ्यातल्या ओंडक्यांना वायरचे फास लावायचे होते. माणसं खाली सोडायला लोखंडी पिंजरा असतो, तो क्रेनला लावून मोठ्या तोंडातून खाली घेता येतं. पिंजरा धक्क्यावर पडला होता. तो लावायला वेळ गेला असता. शिट्टी म्हणाला, "पिंजऱ्यातून पोती जातात. आम्ही काय पोती आहोत का?" आणि त्याने विहिरीचं झाकण उघडलं.

विहीर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. डेकवर माणूस जाईल एवढं छोटं झाकण, त्याखाली सरळ शिडी, चारी बाजूंनी लोखंडी भिंत. प्रत्येक बंदरात पहिला गडी विहिरीने उतरतो आणि त्यात आपण ऐट मानतो. शिट्टी शीळ घालत उतरला. थोडं उतरल्यावर शीळ थांबली.

पुढचं तुझं तुला माहीत आहे. तू झाकणापाशी होतास, आत पाय टाकलास, आणि मी मागून तुझ्या कमरेला मिठी मारून तुला पाडलं आणि तुझ्या छातीवर बसलो. तू उठू नयेस म्हणून. बोटीवरचा एक खलाशी आपल्या बाजूने धावत गेला आणि आत उतरला. तोही वर आला नाही. पाठीवर हवेच्या टाक्या बांधलेली माणसं आली तेव्हा त्यांनी दोघांना वर काढलं. तू मला त्या दिवसापासून हाक मारलेली नाहीस.

आता याच बोटीचं. परवा आमचा साहेब म्हणाला, मोठं झाकण सकाळपासून उघडं आहे, चला, विहिरीने उतरा. मी विहिरीच्या झाकणावर बसलो. तो ओरडला. शेवटी पिंजरा आणला आणि काम झालं. बाकी इकडे सगळं ठीक.

तुझा दादा


बुधवार

धाकट्या,

ट्रकवाला म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते न उघडता खिशात घातलंस आणि त्याला विचारलंस की तुमच्याकडे पाऊस किती. म्हणजे निदान खिशात आहे. टोळीला वाचून दाखवलंस की नाही ते तू सांगणार नाहीस, म्हणून तुझ्या टोळीत कोण काय म्हणेल ते मीच धरून चालतो आणि उत्तर देतो. सभेत मी हेच करायचो, आठवतंय? विरोधक आलाच नाही तर त्याचंही भाषण मीच करायचो, आणि ते जास्त रंगायचं.

पहिला म्हणेल, मोठं झाकण उघडं असलं की हवा येतेच. येते, पण मोठ्या पोटात येते. विहीर वेगळी आहे. तिच्या भिंती वरपासून खालपर्यंत बंद असतात आणि तळाचं दार ओंडक्यांनी बुजलेलं असतं. वरून वादळ गेलं तरी विहिरीतली हवा हलत नाही. आपण डेकवर उभे राहतो, तोंडावर वारा लागतो आणि आपल्याला वाटतं खालीही असाच असेल. आपल्यासारखी वर्षानुवर्षं बोटींवर काढलेली माणसंच ही चूक करतात. नवखा माणूस विहिरीत डोकावून घाबरेल तरी.

दुसरा म्हणेल, ओंडक्यांत विष कुठलं? विष नाहीच. ओलं लाकूड कापल्यावरही काही दिवस जगत असतं, कुजत असतं, आणि बंद जागेत ते प्राणवायू खाऊन टाकतं. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. धूर असता तर शिट्टी उलटा फिरला असता. मी वाचनालयात बसून याच्यावर जे सापडलं ते सगळं वाचलं. लोखंडाचा भंगार माल भरला असेल तरी हेच होतं, तो गंजतो आणि गंजताना हवा खातो. अशी माणसं कितीतरी बंदरांत गेली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक माणूस पडला म्हणून दुसरा त्याच्या मागे उतरला आहे. मरणारा दुसरा माणूस नेहमी भला माणूस असतो. माझा सगळा संताप तिथे आहे. कंत्राटदार आपल्या आळसावर जगतो असं मी पूर्वी म्हणायचो, ते चूक होतं. तो आपल्या भलेपणावर जगतो.

तिसरा म्हणेल, मी दणकट आहे, खलाशी सडपातळ होता, मी असतो तर ओढून काढलं असतं. हे तिसरं तूच म्हणशील. मला माहीत आहे तू हे आरशासमोर उभा राहून म्हणत असशील. धाकट्या, हवा दंड बघत नाही. तुझ्या छातीचा भाता मोठा, म्हणून तू एका दमात त्याच्यापेक्षा जास्तच रिकामी हवा आत घेतली असतीस.

करायचं एवढंच. हवा मोजायचं एक छोटं यंत्र असतं, हाताच्या पंजाएवढं. ते दोरीला बांधून विहिरीत सोडायचं. ते ओरडलं तर विहीर बंद. यंत्र नसेल तर विहीर बंद. पिंजरा मोठ्या तोंडातून जाऊ दे, आणि त्याआधीही यंत्र जाऊ दे. कंत्राटदाराच्या कपाटात ते असतं. आमच्याकडे होतं, वेष्टनही काढलेलं नव्हतं.

मी सध्या सकाळ-संध्याकाळ फाटकाबाहेर बोलतो. आतल्यापेक्षा बाहेर ऐकणारे जास्त मिळतात. दोन्ही पाळ्या तिथूनच जातात, ट्रकवाले थांबतात, चहावाला तर आता माझ्या आधीच येऊन उभा राहतो. तब्येत ठीक आहे. वाचायला वेळ मिळतो.

तुझा दादा

(भाऊजी, खालचं मी लिहिते आहे. हे लिहिणार नाहीत. झाकणावर बसले म्हणून यांना कामावरून बंद केलंय. कामात अडथळा आणला म्हणे. फाटकाबाहेर बोलतात कारण आत घेत नाहीत. दिवसभर घरात पुस्तकं पसरून बसतात आणि मी झाडू घेऊन आले की पाय वर घेतात, एवढंच काम. रागावू नका. पण माझ्या जावेला, धाकटीला सांगा, एकदा फोन कर म्हणावं. तुमची वहिनी)


शुक्रवार

धाकट्या,

धाकटीचा फोन आला होता. तुझ्या वहिनीने बुधवारच्या पत्राखाली काय खरडलं ते मला तेव्हा कळलं. त्यावरून आमच्या घरात जे झालं ते लिहीत नाही. मी हरलो एवढं समज.

दोघी आधी बराच वेळ रडल्या आणि मग बराच वेळ तुझी-माझी उणीदुणी काढत हसल्या. तू पत्रं वाचतोस आणि पत्र्याच्या डब्यात ठेवतोस, तोच डबा ज्यात तुझी हातमोज्यांची जुनी जोडी आहे, हे तिने सांगितलं. टोळीला वाचून दाखवलं नाहीस हेही सांगितलं. मग ती म्हणाली, फोन त्यांच्याकडे द्या. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी मान वर करून कधी बोलली नव्हती. फोनवर तर कधीच नाही. तिने एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, तुम्ही ह्यांना धरून बसलात तेव्हा माझा भाऊ जिवंत होता का?"

मी म्हणालो, पत्रात लिहितो. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

तुझ्या वहिनीने माझ्याकडे बघून ओळखलं. ती म्हणाली, "'नाही' लिहा. दोन अक्षरं आहेत. चार माणसं सुखाने झोपतील." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "बघू नका, लिहा. सगळ्या जगाला खरं सांगून झालंय तुमचं, एकदा घरच्यांना खोटं सांगा." तिचं म्हणणं वाईट नाही. मी सकाळभर त्या दोन अक्षरांपुढे बसलो.

पण धाकट्या, मी तुला सांगतो आहे की जी हवा दिसत नाही, जिला वास नाही, ती माणसाला मारते. तुझ्याकडे त्याला पुरावा काय? माझा शब्द. सोमवारी बोट येईल तेव्हा तुझ्यापुढे उघडं झाकण असेल, वारा असेल, साहेब असेल, टोळी असेल आणि दुसऱ्या बाजूला फक्त माझा शब्द असेल. तो मी आज या एका जागी पातळ केला तर सोमवारी तो कशाला उपयोगी पडेल? तेव्हा दोघांनी मिळून वाचा.

तू झाकणाच्या काठाशी पडला होतास आणि मी तुझ्यावर होतो. मान वळवली की मला आत दिसत होतं. शिट्टी शिडीच्या मधल्या पहिल्या लोखंडी टप्प्यावर बसल्यासारखा होता, भिंतीला टेकून. त्याचा डावा हात शिडीच्या पायरीवर होता. बोटं हलत होती. पायरी पकडायला बघत होती असं मला वाटलं. मग खलाशी उतरला आणि त्याच्या पाठीआड शिट्टी थोडा वेळ दिसेनासा झाला.

तेव्हा उत्तर हो. जिवंत होता.

चौकशीत मला हवा मोजली होती का ते विचारलं, झाकण कोणी उघडलं ते विचारलं. बोटं हलत होती का हे कोणी विचारलं नाही. धाकटीने विचारलं, तिला विचारायचा हक्क होता.

ती बोटं दिसत असताना मी तुला सोडलं नाही. तू खालून ओरडत होतास, "दादा, तो बसलाय, नुसता बसलाय, मी हात देतो." मी सोडलं नाही. आज धरावं लागलं तर आजही धरेन आणि याच्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही, तुझीही नाही, धाकटीचीही नाही. खलाशी तुझ्याइतकाच चपळ होता. तो शिट्टीपर्यंत पोचला, त्याने शिट्टीच्या काखेत हात घातला, आणि तसाच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला. जणू दोघांनी जेवणाच्या सुट्टीत डुलकी काढली असावी. तिथे तिसऱ्याला जागा होती. मी ती जागा तुझ्या नावाने बघितली आणि तुला देणार नाही असं ठरवलं. ठरवायला वेळ लागला नाही. त्यानंतरचा सगळा वेळ तो निर्णय पेलण्यात गेला.

पत्र ट्रकवाल्याकडे देतो आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिने चहा आणून ठेवला, पण आपटून.

तुझा दादा


रविवार

धाकट्या, आणि तुझ्या टोळीतल्या भावांनो,

ट्रकवाला सकाळी आला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, आधी बसू द्या, पाठ मोडली. मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं, आणि तो माणूस कमी बोलतो म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

तू पत्र या वेळी त्याच्यासमोरच उघडलंस, दारातच. वाचून झाल्यावर परत पहिल्या ओळीपासून वाचलंस. आतून धाकटी आली, तिने हात पुढे केला आणि तू कागद तिला दिलास. तिने वाचला. म्हणाली, "हलत होती ना बोटं? मला वाटायचंच." मग ती आत गेली आणि भांडी घासत राहिली. ट्रकवाल्याला वाटलं आता निघावं. तेवढ्यात तू त्याला म्हणालास, "त्याने सगळं लिहिलंय. मी चावलो ते का नाही लिहिलं?" ट्रकवाला म्हणाला, मला काय माहीत बाबा, मी ट्रक चालवतो.

हो, चावलास. उजव्या मनगटाच्या वर, पार हाडापर्यंत. टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं कुत्रा कुठला, पाळलेला की मोकळा. मी म्हणालो घरचाच आहे. खूण अजून आहे, पावसाळ्यात ठणकते. लिहिलं नाही कारण चौकशीत ते निघालं असतं तर तुझ्या नावापुढे मारहाण लागली असती आणि तुला दुसऱ्या बंदरात कोणी मुकादम केलं नसतं. शिवाय ती माझी आहे, तिची वाच्यता मी का करू?

तू मला हाक मारली नाहीस, पण माझ्याबद्दल एक तक्रार पाठवलीस. तेवढं मला पुष्कळ झालं. मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने माझा हात ओढून खूण बघितली, जणू आजवर पाहिलीच नव्हती, आणि म्हणाली, "दात चांगले आहेत अजून भाऊजींचे?" मग आमचं बोलणं सुरू झालं.

आता उद्याचं. हे पत्र ट्रकवाला आज संध्याकाळी देईल. उद्या सकाळी बोट लागेल.

काय होईल ते मी सांगतो, मी ते दोनदा पाहिलं आहे. मोठं झाकण उघडलेलं असेल. वारा असेल. आतून ओल्या लाकडाचा छान वास येईल, तो मोठ्या पोटातून येईल, विहिरीतून नाही. तुमचा साहेब म्हणेल, सकाळपासून मोकळं आहे, आता काय मुहूर्त बघायचा का? पिंजरा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तो नेहमी तिथेच असतो. यंत्र कपाटात असेल आणि कपाटाची किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे असेल. टोळीतला एखादा धीट गडी, ज्याच्याकडे सगळे आवडीने बघतात, तो म्हणेल की पिंजऱ्यातून पोती जातात. सगळे हसतील. भावांनो, आम्हीही हसलो होतो. शिट्टी बोलायचाच असा.

धाकट्या, तू मुकादम आहेस. तुझं काम जाईल. माझं गेलं आहे आणि ते सोपं आहे असं सोंग मी तुझ्यापुढे करणार नाही, ते कठीण आहे, वहिनी रोज टोमणे मारते आणि ते खरे असतात. फाटकाबाहेर मी कितीही मोठ्याने बोललो तरी आत क्रेनचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. पण मी झाकणावर बसलो त्या दिवशी आमच्या पिंजऱ्यातून जी माणसं गेली ती संध्याकाळी शिव्या देत वर आली. दोघांनी मलाच दिल्या, उशीर झाला म्हणून. मला त्यांचं ऐकून बरं वाटलं.

तू साहेबाशी वाद घालू नकोस. त्या धीट गड्याशीही नको. भाषण करू नकोस, ते तुला जमत नाही, आणि उद्या माझंही वाचून दाखवायला वेळ मिळणार नाही. विहिरीचं झाकण लाव आणि त्याच्यावर बस. यंत्र आणि पिंजरा येईपर्यंत बसून राहा. साहेब ओरडेल, टोळी हसेल, कोणी दंडाला धरून ओढेल.

कोणी चावलं तरी उठू नकोस.

तुझा दादा